काही होणार नाही, असं म्हणायचं नाही

इथे इस्रायलमध्ये मानसिक आधाराच्या हेल्पलाइनच्या कोर्सला गेले तेव्हा पहिल्याच आठवड्यात माझं एक वाक्य बंद झालं. "घाबरू नका, काही होणार नाही." आपल्या तोंडात हे वाक्य ठेवलेलंच असतं. पोरगं पडलं, कुणाचं ऑपरेशन ठरलं, नवरा अजून घरी आला नाही, की आपण म्हणतो, काही होत नाही गं, तू बस बघू आधी. माझी आई ठाण्याच्या चाळीपासून आयुष्यभर हेच म्हणत आली आणि बहुतेक वेळा खरंच काही झालं नाही. पण आकाशात रॉकेट असताना, फोनवरच्या अनोळखी बाईला, जिची इमारत मी पाहिलेली नाही, हे सांगणारी मी कोण? आमची मार्गदर्शक फार कमी बोलायची. ती एवढंच म्हणाली, "तू हे म्हणालीस की तिला एकच गोष्ट कळते. तुला हा फोन लवकर संपवायचाय."

मी बेने इस्रायल, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यूंपैकी. वाडवडील कोकणातले, आजोळ अलिबागच्या बाजूचं. शाळकरी वयात आईबाबांबरोबर इस्रायलला आले आणि इथलीच झाले. आमची माणसं इथे दिमोना, बेअर शेवा, लोद, रामला, अश्दोद अशा गावांत जास्त. मी अश्दोदची. गाझाच्या सीमेपासून हे बंदराचं शहर साधारण तीस किलोमीटरवर आहे, म्हणजे सायरन वाजल्यापासून आडोशाला जायला पंचेचाळीस सेकंद. स्देरोतला पंधरा, अश्केलोनला तीस, तेल अवीवला नव्वद. इथल्या माणसाला आपल्या गावाचे सेकंद पिनकोडसारखे पाठ असतात. आमची इमारत जुनी आहे. घरात ममाद, म्हणजे काँक्रीटच्या जाड भिंतींची आणि लोखंडी दार-खिडकीची खोली, ती नाही. १९९०च्या दशकापासून नव्या घरांना ती सक्तीची झाली. त्याआधीच्या घरातले लोक जिन्यात उभे राहतात. आम्हीही जिन्यातलेच.

नोकरी संपल्यावर मी या कामाला लागले. एका दवाखान्याच्या खिडकीमागे बसून अपॉइंटमेंट देण्यात माझी उमेदीची वर्षं गेली, त्यामुळे चिडलेल्या, रडणाऱ्या, वैतागलेल्या माणसांशी बोलायची सवय होती. ती सवय या कामात फारशी उपयोगी पडली नाही. खिडकीमागची बाई प्रश्न सोडवते, आणि हेल्पलाइनवर तेच करायचं नसतं.

इस्रायलमध्ये अशा लाइन बऱ्याच आहेत. सगळ्यात जुनी आणि सगळ्यांना ठाऊक असलेली म्हणजे एरान. ती १९७१ साली सुरू झाली. १२०१ फिरवला की रात्री-अपरात्री कुणीतरी उचलतं, हिब्रूत, अरबीत, रशियनमध्ये. दुसरी नाताल, १९९८ सालची, खास युद्ध आणि हल्ल्यांच्या धक्क्यातून जाणाऱ्यांसाठी. तिथे एकच स्वयंसेवक त्याच माणसाशी आठवड्यामागून आठवडा बोलत राहू शकतो. मी यातल्या कुठल्या टेबलाशी बसते की आणखी कुठल्या, ते इथे लिहीत नाही. नाव न सांगण्याची रीत आमच्यात दोन्ही बाजूंना लागू आहे. आणि पुढे जे फोन येतील ते जसेच्या तसे नाहीत. गाव, वय, घरची माणसं, सगळं मी हलवलंय. दोन-तीन फोनांचा एक केलाय. ज्याचा त्याला स्वतःचा फोन ओळखू येऊ नये, इतपत.

युद्धात टेलिफोनवरच्या बोलण्याचं महत्त्व काय, हे मला कोर्समध्ये नाही, त्याच्या खूप आधी, १९९१ साली कळलं होतं. आखाती युद्ध. १८ जानेवारीच्या पहाटे इराकची स्कड क्षेपणास्त्रं तेल अवीव आणि हैफावर आली आणि पुढचे काही आठवडे येत राहिली. तेव्हा भीती विषारी वायूची होती, म्हणून तळघरात न जाता उलट घरातलीच एक खोली प्लास्टिक आणि चिकटपट्टीने बंद करायची, दाराच्या फटीला ओला टॉवेल लावायचा आणि मास्क चढवायचा. माझं मूल तान्हं होतं. तान्ह्यांना मास्क बसत नाही, त्यांच्यासाठी प्लास्टिकचा एक छोटा तंबू दिला होता. बाळ आत रडतंय आणि आपण बाहेरून प्लास्टिकवर हात ठेवून बसलोय. रेडिओवर नाखमान शाय नावाचा लष्कराचा प्रवक्ता बोलायचा आणि लोकांना सांगायचा, एक ग्लास पाणी प्या. लोक नंतर त्यावरून विनोद करायचे. मी करत नाही. त्या रात्री अख्ख्या देशाने पाणी प्यायलं, कारण करण्यासारखं एक काम कुणीतरी सांगितलं होतं.

त्या युद्धाचा हिशोब डॉक्टरांनी नंतर मांडला. इस्पितळात हजारावर माणसं आली होती आणि त्यांतल्या साधारण चारातल्या तिघांना क्षेपणास्त्राने थेट काहीच केलेलं नव्हतं. कुणी भीतीने श्वास कोंडून आलेलं, कुणी वायू आलाच असं समजून अॅट्रोपिनचं, म्हणजे विषारी वायूवरच्या उताऱ्याचं, इंजेक्शन स्वतःला टोचून घेतलेलं, कुणी धावताना पडलेलं. मास्क नीट न लावता गुदमरून माणसं मेली. वायूचा एक कण आला नव्हता. हे आकडे कोर्सच्या वर्गात फळ्यावर आले तेव्हा आमच्यातल्या तरुण पोरांना नवल वाटलं. माझ्या वयाच्यांनी नुसत्या माना हलवल्या.

कोर्सला यायच्या आधी मुलाखत होती. मला वाटलं होतं, विचारतील की तुम्हाला लोकांना मदत का करायची आहे. त्याचं उत्तर मी तयारही ठेवलं होतं. त्यांनी ते विचारलंच नाही. त्यांनी विचारलं, तुमचं जवळचं कोण गेलंय, आणि त्याला किती दिवस झाले? ताजी जखम घेऊन आलेल्यांना ते सरळ सांगतात, पुढच्या वर्षी या. मला हे त्या वेळी कठोर वाटलं. आता वाटत नाही. ज्याला स्वतःचं बोलायचं आहे तो दुसऱ्याच्या फोनवर आपलंच बोलतो.

वर्गात आम्ही नाना प्रकारचे होतो: रशियातून आलेला इंजिनियर, विद्यापीठातल्या दोन मुली, निवृत्त मुख्याध्यापिका, लोदची एक अरब नर्स. दोघांना पाठीला पाठ लावून खुर्च्यांवर बसवायचे, चेहरा दिसू नये म्हणून. एकाने फोन करणाऱ्याचं काम करायचं, दुसऱ्याने ऐकणाऱ्याचं. मुख्याध्यापिकाबाई पहिल्या पाच मिनिटांत सल्ला देऊन मोकळ्या. इंजिनियर कारणं शोधायचा. माझी खोड वेगळी, मी मध्येच म्हणायचे, "हो गं, माझ्याकडे पण असंच झालं होतं." आपल्याकडे दुसऱ्याचं दुःख ऐकलं की आपलं एक शेजारी ठेवायची पद्धत आहे, त्यात माया असते. फोनवर मात्र त्याचा अर्थ होतो, आता माझी पाळी.

सगळ्यात अवघड गेला तो एक प्रश्न विचारायला. "जीव द्यायचा विचार मनात येतोय का?" असा, थेट, कुठलाही आडपडदा न ठेवता. माझ्या तोंडातून तो शब्द बाहेर येईना. मी "काही वेडंवाकडं तर मनात नाही ना" असं म्हणायचे आणि मार्गदर्शक हात वर करून थांबवायची. वेडंवाकडं म्हणजे काय? तिला काय कळणार? आणि तू अशा तऱ्हेने विचारलंस की ती "नाही" म्हणून मोकळी होणार, कारण तुला तेच ऐकायचंय. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, अशी आपल्याकडे पक्की समजूत आहे. अभ्यास उलटं सांगतात, विचारलं तर बोलता येतं. आणि जीव खरोखर धोक्यात असला तर मात्र गुप्तता संपते, पोलीस आणि रुग्णवाहिका बोलावली जाते. 

इथपर्यंत जे शिकवलं ते शांततेच्या दिवसांचं होतं. ऐका, घाई करू नका, भावना बोलू द्या, गप्प राहायला शिका. युद्धाचं प्रशिक्षण याच्या जवळजवळ उलट निघालं, आणि मला या कामातला सगळ्यात महत्त्वाचा भाग तोच वाटतो.

उत्तरेकडच्या तेल हाय कॉलेजातल्या मोशे फारखी यांनी घडवलेली एक पद्धत आहे. इथल्या आरोग्य खात्याने ती स्वीकारली आणि आता शाळकरी मुलांनाही शिकवतात. तिचा गाभा असा. स्फोटाच्या धक्क्याने गोठलेल्या माणसाला "तुम्हाला कसं वाटतंय" असं विचारायचं नाही. त्याला कसं वाटतंय ते त्याच्या दातखिळीवरून कळतंच आहे. भीतीने मेंदूचा विचार करणारा भाग मागे पडलेला असतो, त्याला पुढे आणायचं. ते प्रेमळ बोलण्याने होत नाही. ते साध्या, कोरड्या, उत्तर देता येईल अशा प्रश्नांनी होतं. खोलीत किती जण आहात? दार कुठल्या बाजूला? पाणी आहे का? कोण आणेल, तुम्ही की मुलगा? छोटी कामं द्यायची, दोनातलं एक निवडायला लावायचं, आणि काय झालं ते क्रमाने सांगायचं: सायरन वाजला, मग आवाज झाला, मग तो थांबला, आता दहा मिनिटं आत थांबायचंय, त्यातली चार झाली. धक्का बसलेल्या माणसाच्या डोक्यात तो स्फोट अजून चालूच असतो. तो संपला हे कुणीतरी त्याला सांगावं लागतं.

म्हणजे फोन असा होतो. एक बाई जिन्यात, दोन मुलं, नवरा राखीव दलात बोलावलेला. ती बोलतच नाही, फक्त श्वास.

"मी लाइनवर आहे. इथेच आहे. तुमच्याबरोबर कोण कोण आहे?"

श्वास.

"मुलं आहेत का?"

"दोन."

"त्यांच्या पायात चपला आहेत?"

थोडा वेळ गेला. "धाकट्याच्या नाहीत."

"मोठ्याला सांगा, काचा असतील, भावाला कडेवर घे. तो घेईल का?"

"तो सात वर्षांचा आहे," ती म्हणाली, आणि तिचा आवाज पहिल्यांदा चिडका झाला. चिडली म्हणजे परत आली. पुढच्या काही मिनिटांत ती मला सांगत होती की शेजारचा म्हातारा दार उघडत नाही आणि तिला जाऊन ठोठवायला पाहिजे. मी म्हटलं, दहा मिनिटं होऊ देत, मग जा. ती जाणार होती. माझं काम तिथे संपलं. तिला बरं वाटलं का, मला ठाऊक नाही. ते त्या फोनचं काम नव्हतं.

ऐकणाऱ्यांना हे निर्दय वाटतं. माझ्या धाकट्या बहिणीला मी सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "अगं, रडत्या बाईला चपलांचं काय विचारतेस!" मी तिला काय सांगणार? आमच्या समाजात सांत्वनाची सगळी तऱ्हाच वेगळी. रॉकेट पलीकडच्या गल्लीत पडलं तर शेजारीण म्हणते, एलियाहू हनावी राखतोय, मलिदा बोलून टाक. मलिदा, म्हणजे एलियाहू हनावी या आमच्या प्रेषिताच्या नावाने बोललेला नैवेद्य, मीही करते, पोहे, गूळ, खोबरं, सगळं साग्रसंगीत. पण तो घरच्यांसाठी. फोनवर देव नाही, राजकारण नाही, आणि "मला समजतंय" हे तर अजिबात नाही.

मग ७ ऑक्टोबर २०२३ आला. शनिवार, सिम्हात तोराचा सण, हमासच्या हल्ल्याचा दिवस. पहाटे साडेसहाला सायरन सुरू झाले ते थांबेचनात. आम्ही जिन्यात, वरचे-खालचे शेजारी झोपेच्या कपड्यांत. त्या सकाळी देशातल्या हेल्पलाइनना असे फोन आले की पलीकडून माणसं कुजबुजत होती, कारण घराबाहेर बंदूकधारी होते. ममादची दारं रॉकेटसाठी बांधलेली. आतून कुलूप लागेल अशी नव्हतीच, लोक तासन्‌तास मूठ धरून उभे होते. त्यांतला एकही फोन मी घेतला नाही. घेतलेल्यांपैकी दोघी माझ्या ओळखीच्या आहेत. त्या फोनांबद्दल मी काही लिहिणार नाही.

माझ्या वाट्याला आले ते नंतरचे. त्या दिवसांत शिफ्टची यादी कोलमडली होती, ज्याला जमेल तो येत होता. केंद्रातली फोनची खोलीच सुरक्षित खोली असल्यामुळे सायरन वाजला तरी फोन ठेवावा लागत नव्हता. कधी पलीकडून आवाज यायचा, "तुमच्याकडे पण वाजतोय?" आणि मी म्हणायचे, हो, मी आतच आहे, तुम्ही आत जा. मला वाटायचं, सायरन चालू असताना फोनचा पूर येईल. तसं होत नव्हतं. सायरनच्या वेळी लोक धावतात, मोजतात, मुलांना उचलतात, त्यांना काम असतं. फोन यायचे दोन-तीन तासांनी, भांडी घासून झाल्यावर, आणि सगळ्यात जास्त पहाटे तीनच्या सुमाराला. सीमेजवळून हलवलेल्या लोकांना मृत समुद्राकाठच्या आणि एलातच्या हॉटेलांत ठेवलं होतं. तिथून पहाटे फोन येत. पोहण्याचा तलाव, नाश्त्याला चार प्रकारची सॅलड, आणि खोलीत अख्खं कुटुंब, म्हणून बाई न्हाणीघरात बसून बोलतेय. पाण्याचा नळ सोडलेला ऐकू यायचा.

असेही फोन होते ज्यांचा युद्धाशी संबंध नव्हता. नवऱ्याशी भांडण, गुडघेदुखी, मुलगा बोलत नाही. ते लोक सुरुवातीलाच माफी मागायचे, "आत्ता मोठ्या दुःखाच्या लोकांना लाइन मोकळी हवी, मी ठेवू का?" त्यांना ठेवू द्यायचं नाही हे आम्ही ठरवलं होतं. युद्धात लहान दुःखाला रांगेत शेवटचं उभं करतात आणि ते तिथेच उभं राहून मोठं होतं.

एक फोन मात्र सांगायलाच हवा, कारण त्याने माझा एक समज मोडला. हिब्रू तुटकी, म्हातारा आवाज, आणि वाक्याच्या शेवटी येणारा तो हेल, जो माझ्या आत्यांचा, माझ्या सासूचा, आमच्या सिनेगॉगच्या मागच्या बाकांचा आहे. मी दुसऱ्या वाक्याला ओळखलं, ही आपली. जीभ मराठीकडे वळलीच होती. "मावशी, मराठीत बोला की" एवढं म्हटलं असतं तर त्यांना किती मोकळं झालं असतं, असं वाटलं. मग विचार आला, पुढचा प्रश्न काय असेल? "तू कुणाची गं? मूळ गाव कुठलं?" आमचा समाज एवढासा. दोन लग्नं आणि एक मलिदा एवढ्या अंतरात मी त्यांना सापडले असते. मी हिब्रूतच राहिले. आणि त्या बोलल्या. मुलाबद्दल, सुनेबद्दल, रात्री सायरन वाजला की आपल्याला शेल्टरपर्यंत खाली नेण्यात सगळ्यांचे सेकंद जातात म्हणून आपण झोपेचं सोंग घेतो, याबद्दल. म्हणजे पोरं म्हणतात आई उठत नाही, जाऊ दे, आणि स्वतः तरी वाचतात. हे त्या कुठल्याही मराठी बाईला कधी सांगणार नव्हत्या. मला आधी वाटायचं, परकेपणा हा या कामातला तोटा आहे आणि तो आपण प्रेमाने भरून काढायचा. त्या रात्रीनंतर नाही वाटत. मी कुणीच नव्हते म्हणून त्यांना बोलता आलं.

मी त्यांना विचारलं, मुलाला हे माहीत आहे का? नाही. त्याला विचारून पाहाल का, की त्याला काय हवंय? त्या बराच वेळ गप्प राहिल्या. "बघते," म्हणाल्या. पुढे काय झालं ते कळायचा मार्ग नाही. या कामाची सवय व्हायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला तो इथे: गोष्टीचा शेवट कधीच मिळत नाही. शिफ्टनंतर मार्गदर्शकाशी बोलायची सोय असते, ती टाळायची नाही असा दंडक आहे, पण तिच्याकडेही शेवट नसतो. काही जण याच कारणाने काम सोडतात. आवाजाने नाही, रडण्याने नाही, "पुढे काय झालं" याने.

जून २०२५ वेगळा होता. १३ तारखेच्या पहाटे तीनला सायरनने उठवलं आणि इराणशी युद्ध सुरू झालं होतं. ते २४ तारखेपर्यंत चाललं. गाझाच्या रॉकेटांची सवय झालेल्या लोकांना ही क्षेपणास्त्रं नवीन होती. एकेक इमारत कोसळवणारी. बात याममध्ये, रेहोवोतच्या वाइझमन संस्थेत, बेअर शेवाच्या सोरोका इस्पितळात. जिन्यात उभं राहून आता चालणार नव्हतं, म्हणून मी मुलीकडे राहायला गेले, तिच्याकडे ममाद आहे. तिथून घरच्या घरी शिफ्ट करायची असं ठरलं. कागदावर हे छान होतं. प्रत्यक्षात ममाद म्हणजे नातवंडांची खोली. सायरन वाजला की जावई, मुलगी, दोन पोरं, कुत्रा, सगळे आत, आणि त्यात मी हेडफोन लावून कुणाची गुपितं ऐकणार? त्यामुळे फोनवर असताना इशारा आला की मला सांगावं लागायचं, मी आता ठेवते, तुम्ही आडोशाला जा, नंतर पुन्हा लावा, कुणीतरी घेईल. या वेळी होम फ्रंट कमांडचा, म्हणजे नागरिकांच्या बचावाचं काम पाहणाऱ्या लष्करी विभागाचा, इशारा सायरनच्या काही मिनिटं आधी मोबाइलवर यायचा. ती मिनिटं लोकांना मदतीची वाटायची आणि जीवघेणीही. "आता नुसतं बसून वाट बघायची," असं एक माणूस म्हणाला. त्या मिनिटांत काय करायचं याची यादी आम्ही लोकांकडूनच करून घ्यायचो. चप्पल, पाणी, औषधं, चार्जर, शेजाऱ्याला हाक.

त्या आठवड्यात पेताह तिकवामध्ये क्षेपणास्त्र थेट ममादवर आदळलं आणि आतली माणसं गेली. दुसऱ्या दिवसापासून फोनवर एकच प्रश्न: मग आत जाऊन उपयोग काय? हा प्रश्न रागाने यायचा, थंडपणे यायचा, एकदा एका लहान मुलीच्या तोंडून आला. इथे "काही होणार नाही" म्हणायचा मोह काय असतो हे तेव्हा मला कळलं. खरं एवढंच सांगता येत होतं की आत असणं बाहेर असण्यापेक्षा कितीतरी सुरक्षित आहे आणि पूर्ण सुरक्षित काहीच नाही. हे ऐकून लोक ढासळतील अशी मला भीती होती. उलट बरेच जण शांत झाले. खोटं बोललं जात नाहीये हे त्यांना कळायचं, आणि मग दुसरं काहीतरी बोलायला ते मोकळे व्हायचे.

वर्गातली ती लोदची नर्स अरबी लाइनवर बसते. तिच्याकडचे फोन आणखी निराळे. अनेक अरब गावांत सार्वजनिक शेल्टरच अपुरे आहेत. ताम्रा गावात त्या युद्धाच्या सुरुवातीलाच एका घरातल्या चार बायका इराणच्या क्षेपणास्त्राने गेल्या. "आडोशाला जा" म्हणायचं तर कुठल्या, हा प्रश्न तिला रोज होता.

आणि तीस किलोमीटरवर गाझा. तिथेही हे काम करणारे लोक आहेत. मनोविकारतज्ज्ञ इयाद अल-सर्राज यांनी १९९० साली सुरू केलेली मानसिक आरोग्याची संस्था तिथे फोनवरून समुपदेशन देत आली आहे. पण २७ ऑक्टोबर २०२३च्या संध्याकाळी तिथलं टेलिफोन आणि इंटरनेटचं जाळं जवळपास पूर्ण बंद पडलं, आणि नंतरही पुन्हा पुन्हा पडत राहिलं. ऐकणाऱ्याचंच घर गेलंय, फोन चार्ज करायला वीज नाही, टॉवर उभा नाही. आमच्या शिफ्टमध्ये मी हे बोलले तर काहींना आवडत नाही, काही जण मान हलवतात. मला ते न बोलणं जमत नाही. ज्या कामाचं सगळं भांडवल म्हणजे एक चालू लाइन, ते करणाऱ्याला पलीकडची मेलेली लाइन ऐकू येणारच.

ठाण्याहून मामेबहिणीचा मुलगा मधूनमधून विचारतो, हे आपल्याकडे आहे का? आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये भारत सरकारने टेली-मानस सुरू केलं, नंबर १४४१६, चोवीस तास, फुकट, आणि मराठीतून बोलता येतं. मे २०२५ मध्ये पूंछ-जम्मूकडे तोफगोळे पडत होते तेव्हा असे नंबर लोकांपर्यंत किती पोचले असतील, असा विचार माझ्या मनात येत राहिला; सायरनच्या सरावाबरोबर नंबरही पाठ करून घ्यायला हवा. २०२४ साली पुण्यात इस्रायलसाठी बांधकाम कामगारांची भरती झाली, त्यातून इकडे आलेल्या पोरांना तर मी भेटेन तेव्हा सांगते: गावचे सेकंद पाठ करा, जवळचं शेल्टर पाहून ठेवा, आणि घरी फोन करून आईला "मी मजेत आहे" सांगून झालं की खरं बोलायला दुसरा एक नंबर जवळ असू द्या.

तो मुलगा पुढे विचारतो, फोन लावला आणि बोलायलाच सुचलं नाही तर? तर न बोलता धरून ठेवायचा. आमच्याकडे असे फोन रोज येतात आणि आम्ही ते ठेवत नाही. नाव सांगावं लागत नाही. रडलात तर कुणी गप्प करत नाही. समोरची व्यक्ती आवडली नाही तर ठेवून पुन्हा लावायचा, दुसरं कुणी उचलेल. आम्हाला राग येत नाही. आणि समोरून चपलांबद्दल विचारलं, तर उत्तर द्यायचं.

पुढचा कोर्स सणांनंतर सुरू होतोय. रात्रीच्या शिफ्टला माणसं नेहमीच कमी पडतात, म्हणून अर्जातच विचारलंय, बारा ते चार जमेल का. या वेळी माझ्या ओळखीतून तिघांनी अर्ज भरलेत. त्यातल्या एकीने ती रात्रीची रेघ रिकामी सोडली आहे. तिची मुलाखत व्हायची आहे.